एकोडीहून एकच खेप

तुमसर रोड, चुकून

मला भंडारा रोडला उतरायचं होतं आणि मी तुमसर रोडला उतरले. पुण्याहून निघाल्यापासून डोळ्याला डोळा लागला नव्हता, तो नेमका नागपूर सोडल्यावर लागला. जाग आली तेव्हा समोरची बाई आपली बोचकी दाराकडे सरकवत होती. मी विचारलं, "भंडारा आलं का?"

"भंडारा तं गेलं ना बाई. आता तुमसर येऊन राहिलं."

एक चप्पल पायात, एक हातात, अशी मी फलाटावर उतरले. आधी स्वतःला, मग रेल्वेला आणि मग पायाला प्लास्टर घालून पुण्यात पडलेल्या नवऱ्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. खरं तर हा प्रवास हेमराजचा होता. बहीण त्याची, गाव त्याचं. पण ऐन निघायच्या तोंडावर तो जिन्यावरून पडला आणि म्हणाला, "तू गेलीस तर बरंच आहे. तुला इस्पितळातलं कळतं." मला इस्पितळातलं कळत नाही, इस्पितळाच्या खर्चातलं कळतं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी या दोन्हींतला फरक त्याच्या डोक्यात शिरलेला नाही.

मी ज्या कचेरीत काम करते तिथे एखादं नवं यंत्र किंवा नवी तपासणी आली की आम्ही बसून मांडतो, की यावर पैसा घालणं पेशंटला, इस्पितळाला, सरकारला परवडतं का. टेबलामागे बसून करायचं काम. त्यातलं काही घेऊन एसटीच्या बाकावर बसावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं.

फलाटावरच्या त्या बोचकीवालीनेच मला मार्गी लावलं. "एकोडीले जायाचं हाय? मंग तं बरं झालं इतं उतरल्या. तुमसरवरून साकोलीची बस भेटते, थेच एकोडीवरून जाते. चुकून बराबर उतरल्या तुमी." एवढ्याशा बोलण्याने मला केवढा धीर आला! काळजीत असलेल्या माणसाला असल्या गोष्टी शकुनासारख्या वाटतात. मी शकुन मानत नाही. पण त्या दिवशी मानला.

तुमसर गाव तिथून थोडं दूर आहे. ऑटोत बसले तशी हवेत धानाच्या कोंड्याचा वास येऊ लागला. राईस मिलच्या पत्र्याच्या भिंती, बाहेर रांगेने उभे ट्रक, पोत्यांवर बसून डबा खाणारे हमाल. दिवाळी नुकतीच झाली होती आणि हलकं धान बाजारात यायला लागलं होतं. आमच्या सांगलीकडे या दिवसांत ऊस डोळ्यांत भरतो. इथे जिकडे पाहावं तिकडे धान. धान म्हणजे भात, हे मला लग्नानंतर कळलं. इकडे भात फक्त शिजलेल्याला म्हणतात.

बस सुटली. खिडकीतून बांधावर बांध आणि त्यांच्यामधल्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, मागे जात होत्या. काहींत पीक उभं होतं, काहींत कापलेल्या धानाचे कळपे, म्हणजे न बांधलेले पुंजके, जमिनीवर आडवे टाकलेले. मधेच एखादा तलाव चमकून जाई. इतकं सुंदर, की दुसऱ्या कुठल्या वेळी मी डोकं खिडकीबाहेर काढून पाहिलं असतं. त्या दिवशी मी एकच वाक्य मनात घोळवत होते. बाई फोनवर हेमराजला म्हणाल्या होत्या, "एका खेपेत होत असन तं करतो. दुसऱ्यांदा मी नागपूरले जानार नाही."

एकोडी

बाई म्हणजे माझी नणंद, देवकाबाई. इकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात, म्हणून मीही म्हणते. हेमराज तान्हा असताना त्यांची आई गेली आणि बाईंनी, त्याही तेव्हा परकरातच होत्या, त्याला कडेवर घेऊन वाढवला. त्यामुळे तशा त्या नणंद असल्या तरी मला सासूच मिळाली. एक बरं, की सासूपणा त्यांनी कधी केला नाही.

मी पोचले तेव्हा त्या अंगणात सूप घेऊन पाखडत बसल्या होत्या. उठल्या, माझ्या पायांवर पाणी घातलं, आत नेलं, दार लोटलं आणि काही कळायच्या आत माझा हात धरून आपल्या उजव्या छातीवर ठेवला.

"पाहून घे. मंग जेव."

गाठ हाताला लागली. लिंबाएवढी म्हणावी तर तेवढी नाही, पण कडक. मी हात झटकन काढून घेतला. बाई मात्र माझ्याकडे, मी बाजारात भाजी निवडतेय अशा नजरेने बघत होत्या.

"दुखतं?"

"दुखत असतं तं लवकर गेली असती."

जेवायला वांग्यात घातलेले सुके झिंगे आणि नव्या तांदळाचा भात होता. लग्नानंतर पहिल्यांदा इथे आले तेव्हा मी पोळी मागितली होती आणि सगळ्या घराने मी आजारी आहे असं समजून माझी विचारपूस केली होती. आता मीही तिन्ही वेळा भात खाते. बाई वाढत होत्या तेव्हा त्यांचा उजवा हात माझ्या ताटावर वाकला. मनगटापासून दंडापर्यंत गोंदणच गोंदण. ठिपक्यांच्या ओळी, तुळस, विंचू, आणि दंडावर अगदी वर एक पाळणा. ती शाई आता हिरवट झाली आहे. पाळणा हेमराजसाठी गोंदवला होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक. आई नव्हती, पाळणा नव्हता, तर बाईंनी मंडईत बसलेल्या गोंदणारीकडून तो दंडावर काढून घेतला.

"बाकी समदं इतंच राह्यते," त्या नेहमी म्हणत. "मेल्यावर सोनं काढून घेतेत, लुगडं काढून घेतेत. गोंदन तेवढं सोबत येते."

जेवणं झाल्यावर मी विषय काढला. भाऊजी, म्हणजे बाईंचे यजमान आसाराम, दोरी वळत बाजूला बसले होते. मी जमेल तसं सांगितलं. भंडाऱ्याला सुईची तपासणी होऊन कर्करोग निघाला होता, आणि नागपूरच्या डॉक्टर मॅडमशी माझं फोनवर बोलणं झालं होतं. बाईंनी स्तन पूर्ण काढायला आधीच हो म्हटलं होतं. अर्धंमुर्धं ठेवलं तर किरणांचा शेक घ्यायला रोज जावं लागतं, म्हणून. प्रश्न होता काखेचा. हा रोग छातीतून बाहेर पडला तर आधी काखेतल्या एक-दोन गाठींत उतरतो. डॉक्टर त्यांना पहारेकरी म्हणतात. पहारेकरी स्वच्छ तर पुढचं घर स्वच्छ. ते खराब असले तर काखेतल्या सगळ्या गाठी काढायच्या. त्या काढल्या की पुष्कळ बायांचा हात सुजतो, जड होतो, कायमचा.

"आणि थे पहारेकरी खराब हायेत का नाही, कसं कडते?" भाऊजींनी विचारलं.

तिथेच तर सगळी मेख होती. नेहमीच्या पद्धतीत ती गाठ काढून तपासायला पाठवतात आणि पक्का रिपोर्ट नंतर येतो, पेशंट घरी गेल्यावर. खराब निघाली तर पुन्हा बोलावून पुन्हा भूल देऊन काख उघडायची. दुसरी पद्धत नवी. ऑपरेशन चालू असतानाच गाठ एका यंत्रात घालतात, ते यंत्र रोगाच्या पेशींची खूण शोधतं, आणि पेशंट टेबलावर असतानाच उत्तर मिळतं. जे काय करायचं ते एकाच वेळी. अडचण एकच, सरकारी योजनेत ऑपरेशन बसत होतं, ही तपासणी बसत नव्हती. तिचे पैसे घरातून भरायचे.

"आन् गाठ साफ निघाली तं?" बाईंनी विचारलं. "मंग थे पैसे वाया?"

याच प्रश्नावर आमच्या कचेरीत किती चहा संपला आहे! बऱ्याच बायकांच्या गाठी स्वच्छ निघतात. म्हणजे त्यांना दुसरं ऑपरेशन लागलंच नसतं. मग सगळ्यांनी यंत्राचे पैसे का भरायचे? या यंत्रावर मी स्वतः एकदा मांडणी केली होती आणि शेवटी "परिस्थितीनुसार" असं लिहून मोकळी झाले होते. लांबच्या गावांहून येणाऱ्या बायकांचं काय, हे कुणीच धड मोजलं नव्हतं, म्हणून त्यांच्याबद्दल एक ओळ तळटीपेत टाकली होती.

"वाया नाही जात," मी म्हणाले. "पण लागलेच असते असंही नाही."

"हे काय सांगनं झालं व?" बाई वैतागल्या. "तुयं तं कामच हे हाय म्हने. घेन्यासारखं हाय का नाही, थे सांग."

तेव्हा भाऊजी दोरीवरची नजर न उचलता म्हणाले, "वैनी, आमची थोरली वैनी अशीच गेली. हेच दुखनं. एक बार नेलं, ऑपरेशन झालं, घरी आणलं. मंग फोन आला, का रिपोर्ट खराब हाय, परत या. कापनी होती. म्हने, कापनी झाल्यावर जातो. मंग म्हने, धान झोडून चुरना झाल्यावर जातो. मंग म्हने, आता बरं वाटून राहिलं, कायले जायाचं?" ते थांबले. "नाहीच गेली."

त्यांचं ते "दुसऱ्यांदा जानार नाही" मला तोवर हट्ट वाटत होता. तो हट्ट नव्हता. आपण जाणार नाही हे बाईंना स्वतःबद्दल नक्की माहीत होतं, आणि ते त्या आम्हाला आधीच सांगून ठेवत होत्या.

"तुमच्यासाठी घेण्यासारखं आहे," मी म्हणाले.

"मायासाठी अलग आन् दुसरीसाठी अलग, असं राह्यते काय?"

"हो. असंच असतं."

त्या म्हणाल्या, "मंग घे." लगेच पुढे, "पन मंडई झाल्यावर."

मंडईचा दिवस

मंडई म्हणजे भाजीबाजार असं समजून इकडे कोणी येऊ नये. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव एकेक दिवस ठरवून मंडई भरते. दुकानं लागतात, दुपारी दंडारीचा, म्हणजे सोंगं आणि नाचगाण्यांचा, खेळ होतो, आणि घरोघर पाहुणे येऊन पडतात. लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात. आमच्याकडे जत्रा देवाची असते. इथे ती पाहुण्यांची असते, असं मला वाटतं. एकोडीच्या मंडईच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नागपूरला निघणार होतो, आणि बाईंनी पाहुण्यांना यातलं अक्षर कळू द्यायचं नाही अशी तंबी दिली होती.

तो दिवस मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. बाई पहाटेपासून चुलीपुढे. सुवाऱ्या, म्हणजे पुऱ्या, तळल्या, भजी तळली, येईल त्याला ताट. उजव्या हाताने परातभर कणीक तिंबत होत्या. मी त्या हाताकडे पाहत होते आणि मनात वाईटसाईट येत होतं. मी कणीक मागायला गेले तर म्हणाल्या, "तू बस. तुया हातच्या सुवाऱ्या फुगत नाहीत." खरं आहे, फुगत नाहीत. पण त्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं आणि मी धुराचं निमित्त केलं.

जेवून उठलेली एक पाहुणी बाईंना म्हणाली, "देवका, पुढच्या रोवनीले आमच्याकडं दोन दिवस देजो व. तू पुढं राहिली का बाया सरळ रांगेत लावतेत." बाई रोवणीत, म्हणजे भातलावणीत, बायांच्या पुढे असतात. चिखलात वाकून पऱ्हे लावणाऱ्या रांगेचा वेग त्यांच्या उजव्या हाताने ठरतो, त्यांचा हात थांबला की सगळी रांग थांबते.

"देईन ना," बाई म्हणाल्या. "कायले नाही देनार?"

संध्याकाळी आम्ही दोघी दुकानांतून फिरून आलो. बांगड्या, शिट्ट्या, शेव, गरम जिलबी. एका टेबलापाशी विजेच्या यंत्राने गोंदवून देणारा बसला होता आणि कॉलेजातल्या पोरी हातावर फुलपाखरं काढून घेत होत्या. बाई थोडा वेळ थांबून बघत राहिल्या.

"या पोट्टींले दुखत बी नसन," त्या म्हणाल्या. "मायं तं आठ दिवस हात सुजला होता."

सुजला हा शब्द ऐकून मी दुसरीकडे पाहू लागले. त्यांनी जिलबी घेतली आणि अर्धी माझ्या तोंडात कोंबली.

नागपूर, दाराबाहेर

साकोलीपर्यंत जीप, तिथून हायवेची बस. भाऊजी खिडकीशी, बाई मधे, मी टोकाला. लाखनी गेलं, भंडाऱ्याच्या अलीकडे वैनगंगेचा पूल आला तशी बाईंनी हात जोडले आणि कनवटीचं नाणं खाली टाकलं. बाकीच्या वाटेबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मी सारखी फाईल उघडून आत सगळे कागद आहेत ना ते पाहत होते, आणि प्रत्येक वेळी ते असत.

डॉक्टर मॅडम चाळिशीच्या, बोलायला तुटक, पण घाईने न बोलणाऱ्या. त्यांनी बाईंना सगळं पुन्हा समजावलं, यंत्रही सांगितलं, आणि काख साफ करावी लागली, म्हणजे सगळ्या गाठी काढाव्या लागल्या, तर त्याचीही संमती आधीच घेतली. म्हणाल्या, "निळा रंग टोचू. तो ज्या गाठींत आधी पोचतो त्या पहारेकरी. दोन दिवस लघवी हिरवी होईल, घाबरू नका."

"हिरवी?" बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "पाहुन्यायले सांगायले तेवढंच राह्यलं होतं."

सकाळी त्यांना आत नेलं. स्ट्रेचरवरून जाताना त्यांनी गोंदलेला हात चादरीबाहेर काढून भाऊजींचा हात धरला आणि सोडला. दार बंद झालं.

वाट पाहणं हे काम मला जमत नाही. भाऊजींना जमतं. ते मांडी घालून भिंतीला टेकून बसले ते बसलेच. मी फेऱ्या घालत होते, पाणी पीत होते, जिन्यावरून खाली जाऊन वर येत होते. मनात कचेरीचे सगळे तक्ते नाचत होते आणि एकाही तक्त्यात या दाराला जागा नव्हती.

मग दार उघडलं आणि मॅडम स्वतः बाहेर आल्या. टोपी, मास्क खाली ओढलेला.

"देवकाबाईंबरोबर कोण?"

मी पुढे झाले.

"पहारेकरी गाठी मिळाल्या. पण एक सांगून ठेवते. एक-दोन निळ्या निघायला हव्या होत्या. इथे आजूबाजूच्याही काळपट-निळ्या आहेत. एरवीपेक्षा मोठ्याही वाटतात. सगळ्या संशयाच्या काढून यंत्राला पाठवल्यात, प्रत्येकीचा अर्धा भाग नंतर काचेवर, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला ठेवलाय. दिसायला चांगल्या नाहीत. तयारी ठेवा."

त्या आत गेल्या. मी काय केलं? हेमराजला फोन लावला आणि रडत सांगून टाकलं, "पसरलंय. काखेतलं सगळं काळं पडलंय." तिकडून तो इतकंच म्हणाला, "बाईचा हात?" मी फोन ठेवला. इतकी वर्षं हाताखालच्या मुलांना मी बजावत आले आहे, की उत्तर हाती येईपर्यंत निष्कर्ष काढायचा नाही. माझ्यावर वेळ आली तेव्हा मला तेवढीही कळ काढवली नाही.

भाऊजींनी सगळं ऐकलं होतं. "काहून रडून राहिल्या वैनी? मशिनीनं सांगतलं काय आजून?"

"नाही."

"मंग बसा ना."

मी त्यांच्या शेजारी फरशीवर बसले. ते हळूच म्हणाले, "उजवा हात हाय. डावा असता तं बोललो नसतो." आणि मग त्यांचाही चेहरा वाकडा झाला. इतका वेळ तो माणूस काय आत दाबून बसला होता ते मला तेव्हा दिसलं. समोरच्या बाकावरची एक अनोळखी बाई उठली, आमच्या हातांवर चिवडा ठेवून परत जाऊन बसली. भाऊजींनी तो मुठीत तसाच धरून ठेवला.

यंत्राचं उत्तर लवकर येतं म्हणतात. माझ्या तक्त्यात तो वेळ फार थोडा लिहिलेला आहे. ज्याने तो मोजला तो नक्कीच दाराच्या आतल्या बाजूला उभा असणार.

दार पुन्हा उघडलं. मॅडमच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला वाचता येईना.

"स्वच्छ आहेत," त्या म्हणाल्या. "सगळ्या. काख साफ करायची गरज नाही."

मी विचारलं, "मग काळ्या कशा?"

"तेच मला कळेना. हात कापडात गुंडाळलेला असतो ना, माझं लक्षच गेलं नव्हतं. आता कापड सोडवून पाहिला." त्या थकलेल्या, पण हसल्या. "केवढं गोंदण आहे हो त्यांच्या हातावर! ती शाई हळूहळू आत झिरपते आणि काखेतल्या गाठींत जाऊन बसते. वाचलं होतं, इतकी भरलेली काख पहिल्यांदा पाहिली. काचेवरचा रिपोर्ट येईल तेव्हा पक्कं होईल. पण खरं सांगू? यंत्र नसतं, आणि त्या परत येणार नाहीत म्हणून मला नुसत्या डोळ्यांवर ठरवावं लागलं असतं, तर मी बहुतेक सगळ्या गाठी काढल्या असत्या."

भाऊजींनी मूठ उघडली आणि चिवडा खाऊ लागले. खाता खाता रडत होते.

मी हेमराजला पुन्हा फोन केला. आधी माफी मागितली. मग म्हणाले, "काळं होतं ते तुझ्या पाळण्याचं होतं." त्याला ते कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर तो पुण्यात, प्लास्टरच्या पायासकट, लहान मुलासारखा रडला.

परत एकोडी

काही दिवसांनी आम्ही बाईंना घरी आणलं. लघवी हिरवी झाली होती आणि बाईंनी ती बातमी वॉर्डातल्या सगळ्या बायांना पुरवली होती. टाके काढायला साकोलीलाच जायचं होतं. पुढे बहुतेक गोळ्यांवर भागेल असं मॅडम म्हणाल्या होत्या. बहुतेक या शब्दावर माझं मन अजून अडकतं. कर्करोगाच्या घरात तो शब्द पाहुणा म्हणून येतो आणि जात नाही. छातीची एक बाजू सपाट झाली होती. पहिल्यांदा लुगडं नेसताना बाईंनी पदर दोनदा नीट केला, मग तसाच सोडून दिला. त्या वेळी मी मुद्दाम बाहेर गेले.

मी निघायच्या आदल्या दिवशी मॅडमचा फोन आला. काचेवरचा रिपोर्ट तयार होता. रोग नाही. शाई.

बाई अंगणात होत्या. सांगितलेला व्यायाम करत, भिंतीला बोटं लावून उजवा हात सरकवत सरकवत वर नेत होत्या. दुखत होतं, ओठ दाबलेले दिसत होते. मी रिपोर्ट सांगितला. त्या थांबल्या. दंडावरच्या पाळण्याकडे पाहिलं, मग काखेकडे.

"मले वाटे, मेल्यावरच सोबत येते," त्या म्हणाल्या. "हे तं जितेपनीच आत येऊन बसलं."

भाऊजी तणशीचा भारा टाकून आले आणि बाजूला उभे राहिले. बाईंनी पुन्हा हात भिंतीवर चढवायला घेतला. खांद्याच्या वर, कानाशी, कानाच्या वर. तिथे तो अडला, पण खाली आला नाही.

"शुभदा, तू परत जाऊन थे मशिनीचं लिहिशीन ना? घेन्यासारखी हाय का नाही थे?"

"लिहीन."

"काय लिहिशीन?"

मी विचार करू लागले. गाठी स्वच्छ निघाल्या, म्हणजे दुसरं ऑपरेशन तसंही लागलं नसतं. म्हणजे आमच्या हिशोबाने यंत्राने काहीच वाचवलं नाही. उलट, नुसत्या डोळ्यांनी ठरवलं असतं तर हात गेला असता. ते कुठल्या रकान्यात मांडायचं? गोंदणाला रकाना नाही. भाऊजींच्या थोरल्या वैनीला नाही. मी तसंच काहीबाही सांगायला लागले.

बाईंनी हात भिंतीवर वर तसाच धरून ठेवला आणि मला मधेच थांबवलं.

"येवढं नको लिहू. लिहजो, एकोडीची देवका दुसऱ्यांदा आली नसती."